अंगशूलात हस्तोपचार : अभ्यंग, संवाहन, सन्धिस्थापन आणि ऑस्टिओपॅथी
(वर्धा जिल्ह्यातील चिकित्साव्यवसायाच्या संदर्भात एक अभ्यास)

प्रास्ताविक

वर्धा जिल्ह्यातील कोणत्याही वैद्याच्या रुग्णनोंदवहीची काही पाने चाळली असता एक गोष्ट सहज लक्षात येते. ज्वर, कास, अम्लपित्त यांच्या बरोबरीने, किंबहुना काही ऋतूंत त्यांहून अधिक, ‘अंग ठणकते’, ‘कंबर धरली’, ‘मान आखडली’, ‘उसण भरली’, ‘पायाला मुंग्या येतात’ अशा तक्रारी घेऊन रुग्ण येतात. याची कारणे आपल्या भूमीतच आहेत. कापसाच्या वेचणीत ओटी बांधून दिवसभर अर्धवट वाकणे, सोयाबीनच्या सोंगणीत तासन्‌तास उकिडवे बसणे, फवारणीचा भरलेला पंप पाठीवर घेऊन ढेकळांतून चालणे, हिंगणघाट, पुलगाव, आर्वीच्या बाजारांत आणि जिनिंगमध्ये ओझी वाहणे, ही सर्व कर्मे म्हणजे अतिव्यायाम, भारवहन आणि विषम स्थिती यांची मूर्तिमंत उदाहरणे होत. वातप्रकोपाचे हेतू ग्रंथांत शोधावे लागत नाहीत. ते शेताच्या बांधावर दिसतात.

असा रुग्ण आपल्याकडे येण्यापूर्वी बहुधा दोन-तीन ठिकाणी जाऊन आलेला असतो. प्रथम घरातील कोणी तेल चोळतो. मग गावातील पायाळू व्यक्तीकडून पाठीला पाय लावून घेतला जातो. त्यानंतर हाडे बसवणाऱ्याकडे झटका दिला जातो, आणि शेवटी दुकानातून गोळी किंवा निनावी पुडी घेतली जाते. अलीकडे यांत ‘ऑस्टिओपॅथी’ आणि ‘कायरोप्रॅक्टिक’ या नावांची भर पडली असून, मान व पाठ कटकन वाजवण्याची चित्रे पाहून रुग्ण वैद्यालाही तसेच करण्याचा आग्रह धरू लागला आहे. अशा वेळी आपल्या शास्त्रात हस्तोपचाराचे स्थान नेमके काय, पाश्चात्त्य हस्तोपचारांतून काय घ्यावे, आणि मुख्य म्हणजे कोणाच्या अंगाला हात लावू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

शास्त्राधार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २०व्या अध्यायात वाताचे ८० नानात्मज विकार सांगून त्यांच्या उपक्रमांत स्नेहन, स्वेदन, बस्ति, नस्य यांच्यासमवेत अभ्यंग व उत्सादन यांचा समावेश केला आहे. ५व्या अध्यायातील त्यांची मीमांसा अधिक मूलगामी आहे. स्पर्शनेंद्रियात वायूचे आधिक्य असते आणि त्या इंद्रियाचे अधिष्ठान त्वचा आहे. म्हणून त्वचेवर केलेला अभ्यंग वायूपर्यंत पोहोचतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. त्यासाठी त्यांनी दिलेले गाडीच्या आखाचे उदाहरण बैलगाडीला वंगण घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला स्पष्टीकरणावाचून समजते.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या २४व्या अध्यायात अभ्यंग, उद्वर्तन, उत्सादन, उद्घर्षण, संवाहन यांचे पृथक् वर्णन केले आहे. ही पाच नावे म्हणजे एकाच क्रियेचे पर्याय नव्हेत. संवाहन म्हणजे सुखकारक हलका स्पर्श; तो श्रम हरण करतो व निद्रा आणतो. उद्वर्तन हे कफ व मेद यांवर कार्य करते. व्यवहारात मात्र सर्वांना ‘मालिश’ हा एकच शब्द लावला जातो आणि कर्माची निवड दोषानुसार न होता मालिश करणाऱ्याच्या सवयीनुसार होते. अभ्यंगाचा अवधी किती असावा याविषयी डल्हणाने केलेले विवेचन प्रसिद्ध आहे. स्नेह रोमकूपांपर्यंत ३०० मात्रांत, त्वचेपर्यंत ४०० मात्रांत, आणि याप्रमाणे क्रमाने वाढत मज्जेपर्यंत ९०० मात्रांत पोहोचतो असे तो सांगतो. या गणनेचा शब्दशः प्रयोगसिद्ध अर्थ लावण्याची आवश्यकता नाही. घाईने केलेले मर्दन पृष्ठभागावरच राहते, हा तिचा व्यावहारिक बोध पुरेसा आहे.

सन्धिस्थापन हा याहून निराळा विषय आहे. सुश्रुत निदानस्थानाच्या १५व्या अध्यायात सन्धिमुक्ताचे ६ व काण्डभग्नाचे १२ प्रकार आले आहेत, तर चिकित्सास्थानाच्या ३ऱ्या अध्यायात आंछन, पीडन, संक्षेप व बंधन हे उपाय वर्णिले आहेत. येथे एका तपशिलाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. मान फिरलेल्या किंवा आत दबलेल्या रुग्णाविषयी सांगताना आचार्य अवटु व हनु यांच्या ठिकाणी धरून वर उचलण्यास सांगतात. त्यानंतर कुशा लावून पट्टबंधन करावे आणि रुग्णास सात रात्री उताणे निजवावे, असा आदेश आहे. अर्थात मानेच्या बाबतीत शास्त्राची दिशा उन्नमनाची व विश्रांतीची आहे, झटक्याने पिळण्याची नव्हे. कटिभग्नातही सन्धी स्वस्थानी आल्यावर बस्तिचिकित्सा सांगितली आहे. हाताचे कार्य संपले की वाताची चिकित्सा सुरू होते, हे सूत्र यातून स्पष्ट होते.

हस्तोपचार करणाऱ्याला तिसरा आधार मर्मशारीराचा. शारीरस्थानाच्या ६व्या अध्यायातील १०७ मर्मांपैकी १९ सद्यःप्राणहर, ३३ कालान्तरप्राणहर, ३ विशल्यघ्न, ४४ वैकल्यकर व ८ रुजाकर आहेत. पाठीवर १४ मर्मे असून कटीकतरुण, कुकुंदर, नितंब व पार्श्वसन्धी ही जेथे आपण सर्वाधिक जोर लावतो त्याच भागात आहेत. कुकुंदराच्या आघाताने शरीराच्या अधोभागातील स्पर्शज्ञान व चेष्टा नष्ट होतात, तर शिर व ग्रीवा यांच्या सन्धीवरील कृकाटिकेच्या आघाताने डोके स्थिर राहत नाही, असे आचार्यांनी लिहून ठेवले आहे. अलीकडे ‘मर्मचिकित्सा’ या नावाने प्रत्येक मर्म दाबण्याची जी प्रथा वाढत आहे, तिच्या संदर्भात मर्म ही मुळात रक्षणीय स्थाने आहेत याचे स्मरण ठेवणे अगत्याचे ठरते.

ऑस्टिओपॅथीची ओळख

ऑस्टिओपॅथीचे प्रवर्तक अँड्र्यू टेलर स्टिल हे अमेरिकन चिकित्सक होते. १८६४ साली त्यांची तीन अपत्ये मस्तिष्कावरणशोथाने दगावली. तत्कालीन तीव्र औषधांवरील त्यांचा विश्वास उडाला व १८७४ साली त्यांनी आपल्या नव्या मताची घोषणा केली. १८९२ साली मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे या पद्धतीचे पहिले विद्यालय निघाले. शरीर हे एक अखंड एकक आहे. रचना व कार्य परस्परावलंबी आहेत. शरीरात स्वतःस सावरण्याची शक्ती असते. चिकित्सकाने तिच्या मार्गातील अडथळे हाताने दूर करावेत, ही तिची मूलतत्त्वे होत. १८९५ साली डी. डी. पामर यांनी सुरू केलेली कायरोप्रॅक्टिक ही स्वतंत्र परंपरा असून तिचा भर मणक्यांच्या झटक्याच्या हालचालींवर अधिक आहे.

आज अमेरिकेत ऑस्टिओपॅथीचे पदवीधर शस्त्रकर्मासह सर्व वैद्यकीय व्यवसाय करतात. ब्रिटनमध्ये १९९३ च्या स्वतंत्र कायद्याने या व्यवसायाची नोंदणी होते व तेथे तो प्रामुख्याने हस्तोपचारापुरता मर्यादित आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली या शाखेच्या प्रशिक्षणाचे किमान निकष प्रसिद्ध केले. काही दिवसांच्या शिबिराने कोणी ऑस्टिओपॅथ होत नाही, हे त्या निकषांवरून उघड होते. म्हणून आपल्या फलकावर ते नाव लावण्याचा मोह वैद्यांनी टाळावा. आपल्या शास्त्रातील संज्ञा पुरेशा समर्थ आहेत.

या पद्धतीतील तंत्रे स्थूलमानाने अशी :
१) मृदु-ऊतींवरील दाब, ताण व मर्दन.
२) सन्धीची मंद, लयबद्ध हालचाल.
३) रुग्णाला स्नायू हलकेच आकुंचित करावयास लावून लगेच शिथिल करवणे व मिळालेल्या सैलपणात सन्धी पुढे नेणे.
४) वेदना सर्वांत कमी होईल अशा स्थितीत अवयव काही काळ धरून ठेवणे.
५) सन्धीला अल्प अंतराचा पण वेगवान झटका देणे.
यांपैकी पहिली चार तंत्रे संवाहन व स्नेहनपूर्वक चालनाच्या निकटची असून वैद्याला ती योग्य शिक्षणाने आत्मसात करता येतील. पाचवे तंत्र स्वतंत्र व दीर्घ प्रशिक्षणावाचून करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

साम्य, भेद आणि आजचे ज्ञान

दोन्ही शास्त्रांत देहाच्या एकत्वाचा व स्वाभाविक शक्तीचा विचार आहे, हे खरे. तथापि ‘वायू म्हणजेच नाडीसंवेग’ किंवा ‘स्रोतोरोध म्हणजेच स्टिल यांचा अडथळा’ अशी घाईची समीकरणे मांडून कोणाचाच लाभ होत नाही. ऑस्टिओपॅथी आम, अग्नी, ऋतू वा प्रकृती यांचा विचार करीत नाही. आणि आपल्याकडे सन्धीच्या सूक्ष्म चलनाची जी सविस्तर हस्तपरीक्षा त्यांनी विकसित केली ती तशी नाही. जेथे उणीव आहे तेथे ती मान्य करून शिकावे, यात शास्त्राचा गौरवच आहे.

रुग्णांच्या मनातील एक समजूत येथे दूर करावयास हवी. झटक्याच्या वेळी होणारा ‘कट्’ असा आवाज म्हणजे सरकलेला मणका जागेवर बसल्याचा पुरावा नव्हे. सन्धीचे पृष्ठभाग एकमेकांपासून दूर होताना सन्धिद्रवात वायूची पोकळी निर्माण होते, हे २०१५ साली बोटांच्या सन्धींच्या एमआरआय चित्रणात प्रत्यक्ष दिसून आले. आवाज झाला म्हणजे गुण आला असे नव्हे, आणि आवाज न होता गुण येऊ शकतो.

परिणामांच्या बाबतीत चित्र मध्यम स्वरूपाचे आहे. जगात २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लक्ष लोकांना कटिशूल होता. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जीर्ण कटिशूलासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत रुग्णशिक्षण व व्यायाम यांच्या जोडीला मर्दन व मणक्यांचे हस्तोपचार हे पर्याय म्हणून आले आहेत. कमरेचे पट्टे, कर्षण आणि अफूजन्य वेदनाहर औषधे यांची मात्र नियमित वापरासाठी शिफारस केलेली नाही. हस्तोपचार हा चिकित्सेचा एक घटक आहे, संपूर्ण चिकित्सा नव्हे, असा याचा इत्यर्थ. निदानपरिवर्जन, व्यायाम व वातशमन यांवाचून केवळ मर्दनावर विसंबणाऱ्या रुग्णाची वेदना पुन्हा उद्भवते, हा आपलाही अनुभव आहे.

हात लावण्यापूर्वीचे परीक्षण

आमच्या दृष्टीने प्रस्तुत लेखाचा हा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. शूल हे लक्षण आहे, व्याधी नव्हे. पुढील अवस्थांत मर्दन वा चालन करू नये.

१) आमवात : सन्धिशोथ, जडता, अरुची, ज्वर ही लक्षणे असता अभ्यंग आमाची वृद्धी करतो. येथे लंघन, दीपन-पाचन व वालुकेसारखा रूक्ष स्वेद योजावा. अजीर्ण, तरुणज्वर व शोधनानंतरचा काळ यांतही अभ्यंग निषिद्ध सांगितला आहे.

२) सिकलसेल : विदर्भात, विशेषतः काही आदिवासी व अनुसूचित जातींच्या समाजांत हा आनुवंशिक विकार आढळतो. तरुण वयातील, वारंवार उद्भवणारा, हाडे फुटल्यासारखा तीव्र शूल, सोबत पांडुता वा कामला असल्यास प्रथम रक्ततपासणी करून घ्यावी. अशा रुग्णात स्वेदनाने शरीरातील जलांश कमी होऊन वेदनेचा वेग वाढण्याचा धोका आहे. जांघेत दुखून लंगडणाऱ्या रुग्णात मांडीच्या हाडाच्या शीर्षाचा रक्तपुरवठा खंडित झालेला असू शकतो. तेथे मांडी फिरवून ‘सैल’ करण्याचा प्रयत्न अनिष्ट ठरतो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचे लक्ष्य २०४७ पर्यंतचे आहे. त्यात गावातील वैद्याचा वाटा संशयित रुग्ण वेळेवर ओळखण्याचा आहे.

३) कुष्ठजन्य नाडीशोथ : डिसेंबर २००५ मध्ये सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे निर्मूलन राष्ट्रीय स्तरावर घोषित झाले, तरी नवे रुग्ण आजही आढळतात. कोपराच्या आतील बाजूची जाड व स्पर्शासह नाडी, करंगळीकडील बधिरता, त्वचेवरील फिकट संवेदनाहीन चट्टा यांचा शोध घ्यावा. अशी नाडी चोळणे म्हणजे हानीस निमंत्रण.

४) मधुमेह व बधिर त्वचा : चरकाचार्यांनी मधुमेही रुग्णास अस्वेद्य म्हटले आहे. ज्याच्या तळपायाला उष्णतेची जाणीव नाही त्याला गरम पोटली लावल्यास फोड आल्याचेही कळत नाही. स्वेदनापूर्वी कोमट व थंड स्पर्शाची परीक्षा अवश्य करावी.

५) गंभीर कटिशूल : मलमूत्राचा अवरोध वा अनियंत्रण, गुदप्रदेशाची बधिरता, पायातील बळ झपाट्याने कमी होणे. कुकुंदराच्या वर्णनाशी या लक्षणांचे साम्य लक्षणीय आहे. त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

६) रात्री वाढणारा शूल, सायंकाळचा ज्वर, वजनातील घट : मणक्याचा क्षय वा अर्बुद यांची शंका घ्यावी. वृद्ध स्त्रिया, तसेच दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेले रुग्ण यांची हाडे ठिसूळ असतात. सामान्य दाबानेही मणका चेपू शकतो.

७) एकाच पायाची उष्ण, ताठर सूज : पोटरीच्या शिरेतील रक्ताची गुठळी मर्दनाने सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

८) मान : मानदुखीसह चक्कर, दुहेरी दिसणे, बोलताना वा गिळताना अडखळणे, चालताना तोल जाणे यांपैकी काहीही असल्यास मानेस हात लावू नये. वेगवान झटक्यानंतर मेंदूकडे जाणाऱ्या धमनीस इजा होऊन पक्षाघात झाल्याचे प्रसंग क्वचित, परंतु निश्चित नोंदले गेले आहेत. ग्रीवेत मातृका, नीला, मन्या ही शिरामर्मे का सांगितली, याचे उत्तर येथे मिळते. अपघातानंतरच्या मानेला क्ष-किरण तपासणीपूर्वी स्पर्शही करू नये.

सेवाग्राम येथील कस्तुरबा रुग्णालय व सावंगी येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय अशी दोन अध्यापन रुग्णालये आपल्या जिल्ह्यात आहेत. संदर्भपत्र देऊन रुग्ण पाठवणे यात वैद्याच्या प्रतिष्ठेस उणेपणा येत नाही. उलट तो रुग्ण विश्वासाने परत येतो.

कर्माची रीत : वेचणीनंतरचा कटिशूल

उपरोक्त अवस्था वगळल्यावर उरणारा, श्रमजन्य, निराम व केवळ वातप्रधान कटिशूल हे हस्तोपचाराचे खरे क्षेत्र. आम्ही अनुसरतो ती रीत पुढीलप्रमाणे.

पूर्वकर्म : भूक, जिव्हा, मलप्रवृत्ती पाहून सामता नाही याची खात्री करावी. भोजनानंतर किमान दोन-तीन तासांनी कर्म करावे. रुग्णास पालथे निजवून पोटाखाली लहान उशी द्यावी. स्त्रीरुग्णासाठी स्त्री-परिचारिका असावी, आणि प्रत्येक टप्पा आधी सांगून संमती घ्यावी.

प्रधानकर्म : सुखोष्ण तिळतेल वा सिद्धतेल घेऊन पहिली पाच मिनिटे केवळ संवाहन करावे. स्नायू सैल होऊ लागल्यावर कण्याच्या दोन्ही बाजूंस तळहाताने व अंगठ्याच्या पेराने मध्यम दाबाचे मर्दन करावे. प्रत्यक्ष मणक्यांवर दाब देऊ नये. नितंबापासून मांडीच्या मागील भागापर्यंत तेच करावे. एकूण अवधी वीस ते तीस मिनिटे. त्यानंतर निर्गुंडीपत्राच्या पोटलीने दहा मिनिटे स्वेद द्यावा. स्नेह-स्वेदाने मऊ झालेल्या अवयवाची, रुग्ण उताणा असता, गुडघे छातीकडे नेण्याची व कमरेतून अलगद वळण्याची हालचाल रुग्णाकडूनच करवावी. आपण केवळ आधार द्यावा. ‘सुखकारक दुखणे’ आणि ‘चमक’ यांतील भेद रुग्णास समजावून द्यावा आणि चमक येताच थांबावे.

पश्चात्कर्म : वाऱ्यापासून रक्षण, अर्धा तास विश्रांती, कोमट जल. वैशाख-ज्येष्ठात आपल्याकडे तापमान ४५ अंशांपलीकडे जाते. त्या काळात पित्तप्रकृतीच्या रुग्णास स्वेद टाळून सकाळी केवळ अभ्यंग करावा. सात दिवसांत काहीच उपशय नसेल तर कर्माची संख्या न वाढवता निदानाचा पुनर्विचार करावा. गृध्रसीत बस्ति, अग्निकर्म, सिरावेध यांचा, तर मन्यास्तंभात नस्य व रूक्ष स्वेद यांचा विचार करावा.

परिवर्जन : वेचणीत दर अर्ध्या तासाने ताठ उभे राहून मागे झुकणे, ओटी भरण्यापूर्वीच रिकामी करणे, ओझे उचलताना कमरेऐवजी गुडघ्यांत वाकणे. एवढ्या तीन सूचना रुग्णाने पाळल्या तरी पुनरुद्भव कमी होतो.

औषधनिर्माते व विक्रेते यांच्यासाठी

हस्तोपचाराचे यश तेलाच्या शुद्धतेवर बरेच अवलंबून आहे. स्नेहपाक अपुरा राहिल्यास जलांश राहून तेल खवट होते. पेट्रोलजन्य पांढरे तेल मिसळलेले उत्पादन चिकट वाटते, परंतु त्यास तिळतेलाचे गुण कोठून येणार? महानारायण, महामाष, सहचरादी, पंचगुण, विषगर्भ ही तेले एकमेकांस पर्याय म्हणून देऊ नयेत. विषगर्भ तेलात वत्सनाभ व धत्तूर असतात. व्रणयुक्त त्वचा, बालक व गर्भिणी यांना ते देऊ नये आणि ‘केवळ बाह्योपयोगासाठी’ ही सूचना ग्राहकास तोंडीही सांगावी.

गंधपुऱ्याच्या तेलाविषयी अधिक सावधगिरी हवी. त्यातील मिथाइल सॅलिसिलेट अत्यंत प्रबळ असून एक चमचा तेल पोटात गेल्यास बालकाच्या जिवास धोका संभवतो. हृदयविकारासाठी वॉर्फरिन घेणाऱ्या रुग्णात त्याच्या सततच्या बाह्य वापरानेही रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढू शकते. म्हणून बाटलीला घट्ट झाकण असावे आणि विक्रीच्या वेळी चालू औषधांची चौकशी करावी.

वेदनेवर एका रात्रीत गुण देणाऱ्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार वेळोवेळी उघडकीस आले आहेत. लेबल, घटकद्रव्ये, निर्मिती-परवाना नसलेले कोणतेही ‘आयुर्वेदिक’ उत्पादन दुकानात ठेवू नये. अशा एका पुडीने रुग्णाची हाडे ठिसूळ होतात, मधुमेह बळावतो आणि दोष मात्र संपूर्ण आयुर्वेदावर येतो.

वर्ध्याचा वारसा

स्पर्शचिकित्सेचे एक उदात्त उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले आहे. १९३६ साली महात्मा गांधी शेगाव येथे राहावयास आले; पुढे त्याच गावाचे सेवाग्राम झाले. संस्कृत पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोगाने ग्रस्त होऊन आश्रमात आले, तेव्हा गांधीजींनी त्यांच्यासाठी कुटीची व्यवस्था केली व स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगास मालिश केले. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली सुरू केलेले दत्तपूरचे कुष्ठधामही याच परिसरातले. त्या मालिशाने व्याधी बरा झाला असा दावा कोणी करीत नाही. परंतु ज्याला समाज शिवत नव्हता त्याला शिवणे, याचे मूल्य औषधाच्या मात्रेत मोजता येत नाही. रुग्णाचा विश्वास हा चिकित्सेच्या पादांइतकाच बलवान असतो.

उपसंहार

सारांश, हस्तोपचार हे वातव्याधीतील समर्थ, अल्पव्ययी आणि आपल्या ग्रामीण रुग्णास परवडणारे साधन आहे. त्याची सुरक्षितता तीन गोष्टींवर अवलंबून राहते : हात लावण्यापूर्वीची परीक्षा, मर्मांचे भान आणि थांबण्याचा विवेक. ऑस्टिओपॅथीकडून सन्धिपरीक्षेची सूक्ष्मता घ्यावी. झटक्याचा देखावा घेऊ नये. प्रत्येक वैद्याने कटिशूल, मन्याशूल व सन्धिशूल यांच्या रुग्णांची, केलेल्या कर्माची व उपशय-अनुपशयाची नोंद वर्षभर ठेवल्यास जिल्ह्यातील अनुभव एकत्र करता येतील. वेचणी सुरू होण्यापूर्वी, म्हणजे आश्विनातच, अशी वही घालावी, अशी सर्व सहव्यावसायिकांस आमची विनंती आहे.